अटी समजल्याची सही

थोरलीचा राग घरात प्रसिद्ध होता. धाकटी बहीण म्हणायची, "ताईला राग यायला कारण लागत नाही, फक्त समोर माणूस लागतो." पण हे काही खरं नव्हतं. थोरलीला राग यायचा तो खोट्याचा. ती चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची, आणि तिथे दिवसभर माणसं तिच्यासमोर बसून खोटं बोलायची. शेवटची ओळ दिसत नसली तरी "दिसते की, दिसते" म्हणून मोकळी व्हायची, कारण सगळ्यांनाच घरी जायची घाई. "दिसते ना? मग वाचा," थोरली म्हणायची, आणि वाचून घेतल्याशिवाय कुणाला खुर्चीवरून उठू द्यायची नाही. मालकाला हे फारसं रुचत नसे, पण तिने दिलेला चष्मा कधी परत येत नसे, म्हणून तो गप्प बसायचा.

हा हट्ट तिच्यात बाबांकडून आला होता. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच इमारतींतल्या लिफ्टमध्ये आतल्या बाजूला एक कार्ड लावलेलं असतं आणि त्यावर तपासणाऱ्याची सही असते. लोक आरशात केस नीट करतात, त्या कार्डाकडे ढुंकूनही बघत नाहीत. बाबांचं उभं आयुष्य त्या कार्डांवर गेलं. मोटर बघायची, दोर बघायचे, दाराची फट बघायची, आणि मग स्वतः आत उभं राहून तळापासून वरपर्यंत जायचं नि वरून पुन्हा तळाशी यायचं. मगच खिशातलं पेन बाहेर निघायचं. बाकीचे कारागीर खाली उभ्या उभ्या सही ठोकायचे, चहाला जायचे आणि तिथे बसून बाबांची टिंगल करायचे. बाबा म्हणायचे, "सही करायची म्हणजे आधी मी त्या पेटीत चढायचं. मी चढलो नाही, तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने चढवू?"

अशा माणसाने आयुष्यात एकच चैन केली. गाडी घेतली तेव्हा जास्तीची फी भरून नंबर पसंतीचा मागून घेतला: दोन-पाच-पाच-दोन. का, तर दोनवरून पाचवर गेलेली लिफ्ट पाचवरून सुखरूप दोनवर यायला हवी. आईने कपाळावर हात मारून घेतला होता. "लोक वाढदिवसाचा नंबर घेतात, लग्नाच्या तारखेचा घेतात. ह्यांनी मजल्यांचा घेतला!" मग पुढे शेजारीपाजारीही गाडीला नंबरानेच ओळखू लागले, आणि आईच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, "आमचं घर ना? दोन-पाच-पाच-दोन जिथे उभी असेल, तेच दार."

आई गेली. बाबा निवृत्त झाले. धाकटी लग्न करून लांबच्या शहरात गेली आणि तिथून फोनवर सल्ले पाठवू लागली. थोरली बाबांबरोबर राहिली. आणि मग गेल्या दोन-एक वर्षांत बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. वार निसटले, शेजाऱ्यांची नावं निसटली, एकदा तर धाकटीचंच नाव निसटलं आणि तिने फोनवर रडून गोंधळ घातला. डॉक्टरीणबाईंनी मात्र थोरलीला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, "आठवण वेगळी आणि समज वेगळी. तुमच्या वडिलांची आठवण गळतेय. समज शाबूत आहे. नीट सांगितलं तर त्यांना सगळं कळतं. त्यांच्याशी लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलू नका." थोरलीने हे मनावर घेतलं होतं. दुसरं कुणी बाबांशी बोबड्या सुरात बोललं की ती अंगावर धावून जायची.

त्यांचा रस्ता मोठा फसवा होता. दोन्ही बाजूंना एकाच ठेकेदाराने बांधलेली घरं, एकाच रंगाची दारं, एकाच उंचीच्या पायऱ्या. डोकं ठिकाणावर असलेला पाहुणाही तिथे चुकायचा. बाबा रोज सकाळी आणि संध्याकाळी फिरायला जायचे आणि रोज आपल्या पायांनी घरी यायचे. घराचा क्रमांक त्यांच्या डोक्यातून कधीच गेला होता. ते फक्त उभ्या गाड्यांच्या पाट्या वाचत यायचे, आणि दोन-पाच-पाच-दोन दिसली की वळून पायऱ्या चढायचे. थोरली दुकानातून निर्धास्तपणे काम करायची ती त्या चार आकड्यांच्या भरवशावर.

गाडी तपासणीत नापास झाली, तिथून सगळं फिरलं. खालचा पत्रा गंजून कुजला होता. ही गाडी आता रस्त्यावर ठेवायची नाही, ठरल्या तारखेच्या आत मोडीत काढायची, असा कागद हातात पडला. थोरलीने एक बरी वापरलेली गाडी बघून घेतली, तिच्यावर नोंद बदलेपर्यंतची तात्पुरती पाटी होती, आणि दोन-पाच-पाच-दोन गॅरेजच्या आवारात जाऊन उभी राहिली.

त्याच संध्याकाळी बाबा घरी आले नाहीत. थोरलीने सगळा रस्ता पालथा घातला. शेवटी कोपऱ्यावरचा शिंपी त्यांना हाताला धरून घेऊन आला. "माझ्या दुकानावरून चार वेळा गेले हो," तो म्हणाला. "वर जायचे, खाली यायचे. तुमच्या दारासमोरून गेले, पण थांबले नाहीत. मी हाक मारली तेव्हा म्हणाले, माझी गाडी कुणी नेली का?"

बाबा खजील होऊन दारात उभे होते. "नंबर नव्हता गं दारात," ते म्हणाले. "मी आपला शोधत राहिलो. तुला उगाच घोर लागला." उंचावर दोरांवर लटकून काम केलेला माणूस स्वतःच्या दारात उभा राहून माफी मागत होता. थोरलीने त्यांचे बूट काढून घेतले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच आपटली.

तो नंबर नव्या गाडीवर आणायचा, एवढंच आता करायचं होतं. नंबर बाबांचा, गाडी घरचीच. वाहन कार्यालयातून तिने अर्ज आणला, आणि अर्जाबरोबर अटींची पुस्तिका आली. थोरलीचं शिक्षण काही कमी नव्हतं, डोळेही धड होते, पण त्या पुस्तिकेने तिला घाम फोडला. त्यातलं अकरावं कलम तर तिने इतक्यांदा वाचलं की ते तिला पाठ झालं:

"सदर पसंतीक्रमांक हा वाहनास अथवा वाहनधारकास प्रदान करण्यात आलेला नसून तो वापरण्याची केवळ अनुज्ञा देण्यात आलेली आहे, वाहनबदलाच्या प्रसंगी सदर अनुज्ञा पूर्ववाहनापासून विलग होऊन नववाहनास संलग्न होईपर्यंत अस्तित्वात असल्याचे मानण्यात येईल, तथापि त्या कालावधीत ती अस्तित्वात असल्याचा दावा धारकास करता येणार नाही."

"आहे असं मानायचं, पण आहे असं म्हणायचं नाही," थोरली धाकटीला फोनवर म्हणाली. "ही काय भाषा झाली? लिहिणाऱ्याला समोर बसवून वाचायला लावलं पाहिजे!"

"अगं ताई, कोण वाचतं ते? खाली 'अटी वाचल्या व समजल्या' असं लिहिलेलं असतं, तिथे सही ठोकायची. सगळं जग ठोकतं. तू उगाच तत्त्वज्ञान करत बसू नकोस."

"सही बाबांना करायची आहे. नंबर त्यांच्या नावावर आहे."

बाबांची सही म्हणजे काय प्रकरण असतं, हे धाकटीलाही ठाऊक होतं. "मग त्यांना पढवून ने," ती म्हणाली. "खिडकीवर विचारलं तर फक्त हो म्हणा, म्हणावं."

आणि थोरलीने पढवलं. खोट्याचा राग असलेल्या थोरलीने दोन दिवस बाबांना खोटं बोलायला पढवलं. "बाबा, तिथला माणूस विचारेल, अटी समजल्या का. तुम्ही म्हणायचं, हो."

"पण अटी कसल्या?"

"नंबराच्या. त्या महत्त्वाच्या नाहीत. तुम्ही फक्त हो म्हणा."

"महत्त्वाच्या नाहीत तर विचारतात कशाला?"

"बाबा, हो म्हणा ना!"

"बरं, म्हणतो," बाबा म्हणाले. मुलीचा चढलेला आवाज त्यांना सोसत नसे.

वाहन कार्यालयात भिंतीला टेकून बाकं होती, आणि बाकांवर माणसं आपापल्या कागदांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. जुन्या गाडीला मोडीत नेणारा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. एकदा जुन्या गाडीची नोंद पुसली गेली की नंबर सुटला, आणि सुटलेला नंबर दुसऱ्याच कुणाला जाणार, हे कलम मात्र अगदी सोप्या भाषेत लिहिलेलं होतं. धमकी द्यायची असली की यांना भाषा येते, थोरलीच्या मनात आलं.

त्यांची पाळी आली. खिडकीमागचा कारकून तरतरीत होता, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कागद पटापट उलटून त्याने सगळं जागच्या जागी असल्याची मान डोलावली. मग तो चष्मा चढवून बाबांकडे वळला आणि शाळेतल्या पोराला विचारावं तसा मोठ्याने, शब्द तोडून तोडून म्हणाला, "आजोबा! अटी वाचल्या का? समजल्या का?"

"त्यांना ऐकू येतं," थोरली म्हणाली.

"मॅडम, तोंडी विचारायचा नियम आहे. तुम्ही मध्ये बोलू नका. आजोबा, समजल्या ना?"

बाबांनी थोरलीकडे पाहिलं. मग समोरच्या कागदाकडे पाहिलं, खाली सहीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. त्यांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला. थोरलीला त्यांच्या चेहऱ्यावरून कळून चुकलं, आता काय होणार ते.

"नाही," बाबा म्हणाले. "खरं सांगायचं तर नाही समजल्या. हे अकरा नंबरचं जरा समजावून सांगाल का? मग करतो सही."

कारकुनाच्या बोटांनी तोवर संगणकावर एक बटण दाबलंही होतं. "अरेरे," तो म्हणाला. "'नाही' गेलं."

"कुठे गेलं?"

"वर गेलं. अर्जदाराचं उत्तर नाही. आता अर्ज पुढे सरकत नाही."

"मग परत विचारा!" थोरली म्हणाली. "त्यांनी समजावून मागितलंय. समजावून सांगा, आणि परत विचारा."

"मॅडम, एका अर्जाला एकदाच विचारता येतं."

"ठीक आहे, नवा अर्ज देते. पण आधी त्यांना ते कलम समजावून सांगा. तुमचंच आहे ना?"

कारकुनाने पुस्तिका उघडली. अकरावं कलम त्याने ओठ हलवत एकदा वाचलं. मग डोकं जरा तिरकं करून पुन्हा वाचलं. "याचा अर्थ असा, की क्रमांक जो आहे, तो विलग होतो. आणि मग संलग्न होतो."

"हे तुम्ही वाचलंत. समजावून सांगितलं नाहीत."

"मॅडम, आम्हाला समजण्याची गरज नसते. आम्ही अंमलबजावणी करतो."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. थोरली मागे वळली. "तुम्ही हसताय, तुम्हाला समजलंय का हो? तुम्ही सही केलीये ना? सांगा बरं अर्थ!" हसणाऱ्याने लगेच आपल्या पिशवीत डोकं घातलं. थोरलीचा आवाज आता सगळ्या दालनात घुमत होता. "इथे बसलेल्यांपैकी एकाला समजलंय का? नाही ना? सगळ्यांनी हो म्हटलं, सगळ्यांची कामं झाली. आणि खरं बोललेला एकच माणूस इथे उभा आहे, तर त्याचा अर्ज पुढे सरकत नाही!"

आवाज ऐकून आतल्या खोलीतून अधिकारीबाई बाहेर आल्या. त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट झालं. त्या गोड बोलल्या. थोरलीला आत नेलं, पाणी दिलं, बाबांना बाहेर बाकावर बसवलं. दाराच्या काचेतून ते दिसत होते. गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ बसून, ते छताच्या पंख्याचा खिळखिळा दांडा निरखत होते.

"तुमच्या अडचणीची कल्पना आहे मला," बाई म्हणाल्या. "वय झालं की असं होतं. म्हणूनच आपल्याकडे सोय आहे." त्यांनी खणातून एक वेगळा कागद काढून तिच्यासमोर सरकवला. "हे घोषणापत्र. नातेवाइकाने द्यायचं. तुम्ही सही केलीत की वडिलांच्या वतीने सगळं तुम्हालाच करता येईल. आजच्या आज नंबर नव्या गाडीवर. त्यांना काही विचारावं लागणार नाही."

थोरलीने कागद वाचला. इथली भाषा स्वच्छ होती, एक शब्द अडला नाही. "मी असे घोषित करते की सदर व्यक्ती अटींचा अर्थ समजून घेण्यास कायमस्वरूपी असमर्थ असून, यापुढे तिची सही ग्राह्य धरण्यात येऊ नये."

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "पण हे खोटं आहे."

"फॉर्मॅलिटी आहे हो."

"ते असमर्थ नाहीत. त्यांनी तुमच्या माणसाला साधा प्रश्न विचारला. उत्तर त्याला आलं नाही. मग असमर्थ कोण झालं? तुम्हाला येतं का उत्तर? सांगा मला अकराव्या कलमाचा अर्थ!"

अधिकारीबाईंनी पुस्तिकेला हातही लावला नाही. "हे बघा, समजलं म्हणणाऱ्याचा अर्ज घेता येतो," त्या म्हणाल्या. "समजू शकत नाही म्हणणाऱ्याचा घेता येतो. पण समजावून सांगा म्हणणाऱ्यासाठी आमच्याकडे नमुनाच नाही. मी तरी काय करू?"

त्यांचं हे म्हणणं अगदी प्रामाणिक होतं, आणि त्यानेच थोरली पुरती चिडली. तिच्या तोंडावर आलं, फाडून टाका तुमचा नमुना, नको आम्हाला नंबर. एरवी ती हे बोलून, कागद भिरकावून, दार आपटून निघून गेली असती, आणि रात्री बाबांना सगळं रंगवून सांगितलं असतं. पण काचेपलीकडे बाबा बसले होते. उद्या सकाळी ट्रक येणार होता. आणि संध्याकाळी बाबा फिरायला जाणार होते, पाट्या वाचत, एकसारख्या दारांवरून, खाली-वर, खाली-वर. रोज काही शिंपी दुकानात असणार नव्हता.

तिने पेन मागितलं. सही करताना बाबा आत येतील की काय अशी तिला सारखी धास्ती वाटत होती. कागद ओढून घेत बाई म्हणाल्या, "बघा, किती सोपं होतं." थोरलीने उत्तर दिलं असतं, तर ते छापण्यासारखं नसतं.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"झालं काम."

"आणि माझी सही?"

"नंतर लागली तर सांगतील," थोरली म्हणाली, आणि त्यांचा हात धरून भराभर जिना उतरली.

नंबर मिळाला. नवी गाडी दारात उभी राहिली, रंग वेगळा, आकार वेगळा, पण पुढे-मागे दोन-पाच-पाच-दोन. पहिल्या संध्याकाळी थोरली पडद्याआड उभी राहून बघत होती. बाबा रस्त्याने आले, पाटीजवळ थांबले, गाडीकडे संशयाने पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं, आणि वळून सरळ पायऱ्या चढले. तिच्या जिवात जीव आला. शिंप्याने दुकानातूनच हात वर केला.

रात्री जेवणं झाल्यावर बाबा टेबलाशी बसून राहिले. कार्यालयातली ती सकाळ त्यांच्या डोक्यातून पुसली जाईल, असा थोरलीचा हिशेब होता. इतक्या गोष्टी निसटतात, तशी हीही निसटेल. पण ती निसटली नव्हती.

"त्यांनी सांगितला का गं मग अर्थ?" बाबांनी विचारलं. "त्या अकरा नंबरचा?"

"जाऊ द्या ना बाबा. झालं ना काम."

"काम झालं ते बरंच झालं. पण अर्थ काय होता?"

थोरली भांडी पुसत होती. तिने फडकं ठेवलं आणि त्यांच्यासमोर येऊन बसली. गेला आठवडाभर ते कलम तिच्या डोक्यात घण घालत होतं, आणि आता बाबांचा शांत, वाट बघणारा चेहरा समोर आल्यावर ते अचानक सुटं झालं.

"बाबा, असं बघा. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आहे. म्हणजे नंबर जुन्या गाडीवर आहे."

"बरं."

"ती पाचव्यावर न्यायचीये. पाचवा म्हणजे नवी गाडी. आता ती निघाली, दोन मजल्यांच्या मध्ये आहे. तेव्हा ती आहे की नाही?"

"आहे की. पण दार उघडता येत नाही. ना खालच्याला, ना वरच्याला."

"तेच ते कलम. मधल्या वेळात नंबर आपल्यासाठी राखलेला असतो, पण तो आपल्या हातात नसतो. आणि लिफ्ट मुळात आपल्या मालकीची नाही, इमारतीची आहे. आपल्याला फक्त वापरू देतात."

बाबांच्या कपाळावरची आठी सैल झाली. त्यांनी टेबलावर बोट ठेवून ते हळूहळू वर सरकवलं, मध्येच थांबवलं. "आणि इथेच अडकली तर? मध्येच नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकला, तर?"

"तर ते जबाबदार नाहीत. आपण तक्रार करायची नाही."

"हे चूक आहे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम भरदार झाला. कितीतरी दिवसांत थोरलीने तो ऐकला नव्हता. "लिफ्ट मजल्यावर उभी असताना कसली आलीये जबाबदारी? ती मध्ये असतानाच तर जबाबदारी असते! चालवायची त्यांनी, दोर त्यांच्या हातात, आणि अडकली तर सही आतल्या माणसाची? मी असलं कार्ड एकाही लिफ्टमध्ये लावू दिलं नसतं."

थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. सगळ्या कार्यालयाला, मागच्या बाकांवरच्या सगळ्या सही करणाऱ्यांना, धाकटीला आणि खुद्द तिला न दिसलेली खोट बाबांनी टेबलावर बोट सरकवून दाखवली होती. आणि त्याला वेळ किती लागला? चहा निवायलासुद्धा जास्त लागतो. तिने घरातच, याच टेबलाशी, हे एवढं बोलायला काय हरकत होती? दोन दिवस ती त्यांना 'हो' म्हणायला पढवत होती. समजावून सांगायचं तिच्याही मनात आलं नव्हतं.

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातलं पेन काढून त्याचं टोपण उघडलं. "आता समजलं. आण तो कागद, करतो सही. पण शेजारी लिहिणार, समजलं आहे, पटलेलं नाही. मग ते काय करायचं ते करोत."

थोरली उठली नाही.

"आण की."

"कागद गेला, बाबा."

"असा कसा गेला? सहीशिवाय?"

"मी केली सही. तुमच्या वतीने."

बाबांनी यावर थोडा विचार केला. रागावले नाहीत. त्यांनी टोपण पुन्हा पेनावर बसवलं आणि पेन खिशाला लावलं. "काही हरकत नाही," ते म्हणाले. "तू केलीस म्हणजे मीच केली. पण सही करण्याआधी नीट वाचलास ना?"

"वाचला."

"सगळा समजला?"

"समजला, बाबा," थोरली म्हणाली. "एक शब्द अडला नाही."

"मग झालं तर," बाबा म्हणाले आणि समाधानाने झोपायला गेले. थोरली तशीच बसून राहिली, आणि तिला इतका संताप आला की तो कुणावर काढावा हे तिला कळेना, कारण समोर कुणीच नव्हतं.